तपकिरी रंगाची गोष्ट

जुना फोटो म्हटला की तो तपकिरीच असायचा, असे आपल्या मनात पक्के बसले आहे. सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिकेवर आजी-आजोबांचा फोटो छापायचा असो, मालिकेत भूतकाळ दाखवायचा असो किंवा मोबाइलवर काढलेल्या फोटोला जरा भारदस्तपणा द्यायचा असो, बोटाने 'सेपिया' दाबले की काम झाले. या स्मरणिकेसाठी शाळेतले जुने फोटो भिंतीवरून उतरवले गेले, तेव्हा समितीतल्या तरुण मंडळींनी सुचवले की सगळ्या फोटोंना संगणकावर एकसारखा तपकिरी रंग द्यावा. पाने सुरेख दिसतील, जुना काळ डोळ्यांपुढे येईल. सूचना चांगल्या मनाने केलेली होती. तरी मी तिला विरोध केला. कारण फोटोतला तपकिरी रंग म्हणजे म्हातारपणाची खूण नव्हे. कित्येकदा तो फोटो म्हातारा होऊ नये म्हणून मुद्दाम दिलेला असतो. समितीने म्हटले, "मग हेच लिहून द्या." म्हणून हा लेख.

मी १९७१ सालच्या अकरावीच्या बॅचचा. पुढे रसायनशास्त्र शिकलो, आणि कॉलेजच्या सुट्ट्यांत आपल्या बाजारपेठेतल्या एका फोटो स्टुडिओत हाताखाली कामही केले. त्यामुळे या रंगाचे पुस्तकातले समीकरण आणि त्याचा प्रत्यक्षातला वास, दोन्ही मला ठाऊक आहेत.

आधी सगळेच तपकिरी होते

१८३९ हे फोटोग्राफीचे जन्मवर्ष मानतात. त्या वर्षी फ्रान्समध्ये दागेर यांची चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चित्र उमटवण्याची रीत जाहीर झाली, आणि त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी कागदावरची रीत मांडली. टॅल्बट यांची रीत सांगायला सोपी आहे. कागद मिठाच्या पाण्यात भिजवायचा, वाळवायचा, त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा हात फिरवायचा. कागदात सिल्व्हर क्लोराइड तयार होते. त्यावर वस्तू किंवा निगेटिव्ह ठेवून उन्हात धरले की ऊन लागलेला भाग काळवंडतो. डेव्हलपर नाही, अंधारी खोली नाही. चित्र उन्हानेच काढलेले.

हे चित्र काळे नसायचे, तांबूस-तपकिरी असायचे. त्याचे कारण चांदीच्या कणांच्या आकारात आहे. उन्हाने थेट सुटलेली चांदी अतिशय बारीक कणांची असते, आणि इतक्या बारीक कणांवर पडलेला प्रकाश आपल्या डोळ्याला पिवळट, तांबूस, तपकिरी असा परत येतो. म्हणजे पहिल्या पिढीच्या फोटोंचा ऊबदार रंग कोणी निवडलेला नव्हता. तो पदार्थाचाच होता.

चित्र उमटले तरी ते टिकवायचे कसे, हा खरा प्रश्न होता. न वापरले गेलेले सिल्व्हर क्लोराइड कागदात राहिले तर उजेडात तेही काळवंडणार आणि चित्र बुडणार. त्यावर उपाय जॉन हर्शेल यांनी दाखवला. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे त्यांनी १८१९ सालीच पाहून ठेवले होते. वीस वर्षांनी ते ज्ञान फोटोग्राफीच्या कामी आले. 'हायपो' हा शब्द आपल्या गावच्या स्टुडिओतही शेवटपर्यंत याच अर्थाने चालत होता.

१८५० साली फ्रान्समध्ये ब्लांकार-एव्हरार यांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद आणला. याला अल्ब्युमेन कागद म्हणतात. चित्र कागदाच्या तंतूंत न मुरता वरच्या चकचकीत थरात राहू लागले, त्यामुळे बारीकसारीक तपशील स्पष्ट येऊ लागला. पुढची चाळीसएक वर्षे जगभर याच कागदाचे राज्य होते. जर्मनीत ड्रेस्डेन येथील एका कारखान्याने १८८८ या एका वर्षात या कागदासाठी साठ लाखांहून अधिक अंडी वापरली.

मुंबईची हवा आणि सोन्याचा उपाय

मात्र हे सुंदर फोटो पुसट होऊ लागले. टॅल्बट यांनी १८४४ ते १८४६ या काळात 'द पेन्सिल ऑफ नेचर' या पुस्तकात खरे फोटो चिकटवून प्रसिद्ध केले होते. त्यांतले कित्येक थोड्याच वर्षांत फिके पडले. लोक विचारू लागले की जे चित्र दहा वर्षेही टिकत नाही त्यावर विश्वास कसा ठेवायचा? १८५५ साली लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने याचा शोध घेण्यासाठी एक समिती नेमली. तिच्या कामासाठी राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांनी ५० पौंड दिले. समितीने मुख्य दोष दोन गोष्टींवर ठेवला. एक, नीट न धुतल्यामुळे कागदात राहून गेलेला हायपो. दुसरी, हवेतला गंधक आणि त्याला मदत करणारा दमटपणा. उपाय म्हणून फोटो सोन्याच्या द्रावणातून काढावा, अशी शिफारस झाली.

सोन्याच्या द्रावणातून काढणे म्हणजे सोनेरी मुलामा देणे नव्हे. गोल्ड क्लोराइडच्या पातळ द्रावणात फोटो बुडवला की वरवरची थोडी चांदी निघून जाते आणि तिच्या जागी सोने बसते. सोने सहजासहजी कशाशी संयोग पावत नाही, म्हणून चित्र टिकते. शिवाय विटकरी तपकिरी रंग बदलून जांभळट छटेचा गडद तपकिरी होतो. त्या काळातले जे चांगले अल्ब्युमेन फोटो आज संग्रहालयांत दिसतात, त्यांचा तो खानदानी रंग या सोन्याने आलेला आहे.

हे सगळे आपल्यापासून दूर घडत नव्हते. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, म्हणजे लंडनची समिती नेमली जाण्याच्या आदल्याच वर्षी. कलकत्ता आणि मद्रास येथील सोसायट्या १८५६ च्या. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईच्या सोसायटीत होते. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेले हरिचंद चिंतामण हे पुढे मुंबईतले नावाजलेले फोटोग्राफर झाले. शाळेच्या स्मरणिकेत हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे की आपल्याकडे फोटोग्राफी आली त्यानंतर थोड्याच वर्षांत ती शिक्षणसंस्थेच्या वर्गात शिकवली जाऊ लागली होती.

दमटपणा आणि गंधक या जोडीशी लंडनपेक्षा मुंबईत अधिक झगडावे लागणार हे उघड आहे. पावसाळ्याचे चार महिने भिंतीला ओल येते, चामड्याला बुरशी धरते, लोखंड गंजते. अशा हवेत कागदावरची चांदी अभंग राहील अशी अपेक्षा कोण करील? तरीही त्या काळातले फोटो आज पाहायला मिळतात. अजिंठ्याची चित्रे उतरवण्यासाठी आलेले रॉबर्ट गिल यांचे उदाहरण घ्या. त्यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या तैलचित्रांच्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. पण त्यांनी काढलेल्या लेण्यांच्या फोटोंचे पुस्तक १८६४ साली निघाले होते, आणि त्यातले अल्ब्युमेन फोटो राहिले. मोठे, रंगीत, मेहनतीचे काम गेले आणि तळहाताएवढे तपकिरी कागद टिकले.

काळा रंग आला, आणि लोकांना तपकिरी हवा झाला

१८७१ साली इंग्लंडमधले डॉक्टर रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइड बसवण्याची रीत सुचवली. त्यातून कोरड्या काचा आल्या आणि १८८० नंतर ब्रोमाइड कागद आला. आता फोटो उन्हात तासन् तास ठेवण्याची गरज उरली नाही. दिव्याच्या उजेडात काही सेकंद धरायचा आणि डेव्हलपरमध्ये टाकायचा. लहान निगेटिव्हवरून मोठा फोटो काढणे, म्हणजे ज्याला आपण 'एन्लार्जमेंट' म्हणतो, तेही सोपे झाले.

डेव्हलपरमध्ये वाढलेली चांदी वेगळी असते. तिचे तंतू एकमेकांत गुंतलेल्या लोकरीच्या गुंड्यासारखे असतात. त्यांत शिरलेला प्रकाश बाहेर पडत नाही. म्हणून हे फोटो काळे दिसतात. 'ब्लॅक अँड व्हाइट' हे नाव या फोटोंना खरे शोभते.

पण दोन पिढ्यांच्या डोळ्यांना तपकिरी रंगाची सवय झाली होती. नवा काळा फोटो त्यांना थंड, कोरडा वाटू लागला. माणसाच्या चेहऱ्यावर तर तो निर्जीव दिसतो असे गिऱ्हाइकाचे म्हणणे असे. म्हणून स्टुडिओवाल्यांनी काळ्या फोटोला पुन्हा तपकिरी करण्याच्या रीती शोधल्या. त्यांतली सर्वांत चाललेली रीत म्हणजे सेपिया टोनिंग.

'सेपिया' हे माकूळ जातीच्या समुद्री जीवाचे ग्रीक-लॅटिन नाव. संकटात सापडला की तो पाण्यात शाई सोडतो. त्या शाईपासून केलेला तपकिरी रंग युरोपातले चित्रकार वापरत. फोटोला माकुळाची शाई लावतात असा समज मी कित्येकांच्या तोंडून ऐकला आहे. फोटोच्या सेपियात माकूळ कुठेही नाही. रंग तसा दिसतो म्हणून नाव घेतले, एवढेच.

टोनिंग कसे करीत

आमच्या स्टुडिओत हे काम आत होत नसे. ते मागच्या पडवीत, दिवसाउजेडी आणि वाऱ्याची दिशा पाहून करायचे. फोटो आधी पूर्ण तयार झालेला लागे, म्हणजे डेव्हलप केलेला, हायपोतून काढलेला आणि वाहत्या पाण्यात भरपूर धुतलेला.

पहिल्या ट्रेमध्ये पोटॅशियम फेरिसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइड यांचे पिवळे द्रावण. याला 'ब्लीच' म्हणत. त्यात फोटो टाकला की काही मिनिटांत काळा रंग विरत जातो आणि कागदावर फिकट गवती रंगाची पुसट आकृती उरते. चांदीचे पुन्हा सिल्व्हर ब्रोमाइड झालेले असते. लग्नाच्या जोडप्याचा फोटो असा डोळ्यांदेखत नाहीसा होताना पाहून नवखा मुलगा घाबरतोच. मग फोटो पाण्यात धुवायचा, पिवळेपणा जाईपर्यंत.

दुसऱ्या ट्रेमध्ये सोडियम सल्फाइडचे पातळ द्रावण. त्याला सडक्या अंड्याचा वास. फोटो त्यात सरकवला की काही सेकंदांत चित्र परत येते, पण आता चॉकलेटी रंगात. चांदी आणि गंधक यांचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड तयार झालेले असते. पुन्हा भरपूर धुणे, आणि झाले. सल्फाइडच्या वाफेने कोरा फोटो-कागद खराब होतो, म्हणून ती बाटली डार्करूमच्या आसपासही आणायची नाही, अशी मालकांची सक्त ताकीद असे. थायोयुरिया वापरून बिनवासाचे टोनिंगही करता येते, आणि फोटो तुरटी-हायपोच्या गरम द्रावणात ठेवूनही हा रंग आणता येतो. पण आमच्याकडे सल्फाइडच चाले, कारण ते स्वस्त पडे आणि चटकन काम करी.

आता घरातली एक गोष्ट आठवा. देवघरातले चांदीचे निरांजन किंवा फुलपात्र काही महिने घासले नाही की काळे पडते. हवेतला गंधक चांदीला लागतो आणि तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडची पुटे चढतात. ती काढायला आपण रांगोळी घेऊन बसतो. म्हणजे ज्या पदार्थाने भांडे बिघडते, तोच पदार्थ फोटोग्राफर मुद्दाम फोटोत तयार करतो. हा उलटा व्यवहार का? भांड्याला चांदीची चमक हवी असते. फोटोला चमक नको, चित्र जागेवर राहायला हवे. जी चांदी आधीच पुरती गंधकाशी बांधली गेली, तिला हवेतला गंधक आणखी काय करणार? रंगाच्या वाफा, कोंदट कपाट, दमट हवा यांनाही ती साध्या चांदीपेक्षा खूप चांगली दाद देत नाही. म्हणून नीट केलेला सेपिया फोटो काळ्या फोटोहून जास्त टिकतो.

या रंगाचा आणखी एक उपयोग होता. फोटोवर हाताने रंग भरायचे असले की आधी त्याला सेपिया करीत. काळ्या रंगावर गुलाबी छटा दिली की त्वचा करडी, मळकट दिसते. तपकिरीवर दिली की जिवंत दिसते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पणजोबा-पणजीचा असा मोठा फोटो असेल. गालावर गुलाबी, ओठावर लाल, शालूच्या काठाला सोनेरी. त्या रंगांखाली बहुधा हाच तपकिरी थर असतो.

सिनेमातही हेच होते. मूकपटांच्या काळात जगभर फिल्मला रंग देण्याच्या दोन रीती होत्या. 'टिंटिंग' म्हणजे सगळी पट्टीच रंगात बुडवणे. यात पांढरा भागही रंगीत होतो. 'टोनिंग' म्हणजे फक्त चांदीचा रंग बदलणे. यात पांढरे पांढरेच राहते. १९३९ सालच्या 'द विझर्ड ऑफ ओझ' या चित्रपटात नायिकेच्या गावाची दृश्ये तपकिरी आहेत आणि स्वप्ननगरी रंगीत. टिंटिंग आणि टोनिंग यांतला हा फरक ध्यानात ठेवावा. पुढच्या मुद्द्यासाठी तो लागणार आहे.

केलेला तपकिरी आणि झालेला तपकिरी

शाळेच्या कार्यालयातून आणि जिन्यातून मिळून चाळीसेक फोटो आम्ही उतरवले. त्यांत तपकिरी फोटो बरेच आहेत. पण ते सगळे एका जातीचे नाहीत, आणि सगळा मुद्दा इथेच आहे.

काही फोटो केलेले तपकिरी आहेत. शाळेच्या सर्वांत जुन्या फोटोंपैकी दोन असे आहेत. त्यांत मधल्या खुर्च्यांवर बसलेल्या गुरुजनांची धोतरे आजही पांढरी आहेत. टोप्यांचा रंग गर्द आहे, पगडीची घडी मोजता येते. पायाशी ठेवलेल्या पाटीवरचे इयत्तेचे नाव वाचता येते. हे टोनिंग केलेले फोटो. त्या काळी कोणीतरी जास्त कष्ट घेतले आणि शाळेनेही बहुधा चार पैसे जास्त मोजले. त्याचे फळ आपण आज पाहतो आहोत.

दुसरे फोटो झालेले तपकिरी आहेत. ते मुळात काळे-पांढरे होते. घाईत धुतले गेले, कागदात हायपो राहिला, आणि वर्षानुवर्षे तोच हायपो विघटित होऊन त्यातला गंधक आतून चांदीला लागत राहिला. इथेही सिल्व्हर सल्फाइडच होते. मात्र ते एकसारखे होत नाही. पांढऱ्या जागा पिवळ्या पडतात, कडा आधी जातात, ठिकठिकाणी डाग उमटतात. सर्वांत वाईट म्हणजे चित्राचा उजळ भाग प्रथम नाहीसा होतो, कारण तिथे मुळातच चांदी थोडी असते.

ओळखायची खूण सोपी आहे. फोटोतला पांढरा कपडा पाहा. तो पांढरा असेल आणि सावल्या तपकिरी असतील, तर रंग केलेला आहे. पांढराच पिवळा पडला असेल आणि सावल्या फिक्या झाल्या असतील, तर रंग झालेला आहे. पहिला औषधाचा परिणाम, दुसरा रोगाचा.

आणि म्हणूनच मी समितीच्या सूचनेला विरोध केला. मोबाइलमधले किंवा संगणकावरचे सेपिया बहुतेक वेळा सगळ्या फोटोवर एक पिवळट थर चढवते. पांढरे धोतर पिवळे, पांढरी भिंत पिवळी. म्हणजे ते टोनिंगची नक्कल करीत नाही, रोगाची नक्कल करते. चांगल्या टिकलेल्या फोटोला आपण आपल्या हाताने आजारी दाखवतो, आणि जो खरोखर आजारी आहे त्याचा आजार झाकून टाकतो. सगळे एकसारखे तपकिरी झाल्यावर कोणता फोटो वाचला आहे आणि कोणता हातचा चालला आहे, हे कोणाला कळणार?

एक फोटो याच कारणाने माझ्या मनातून जात नाही. १९६२ सालचा आहे. सर्व शिक्षक, अकरावीचे विद्यार्थी, आणि उजव्या टोकाला शिपाईमामा उभे आहेत. आपल्यापैकी चार-पाच बॅचना त्यांची घंटा आठवत असेल. पांढरी टोपी, पांढरा सदरा, मागे चुन्याची पांढरी भिंत. हा फोटो झालेल्या तपकिरीतला आहे. मुख्याध्यापकांचा काळा कोट आजही ठसठशीत दिसतो. शिपाईमामांचा सदरा मात्र भिंतीत मिसळला आहे, टोपीची कड गेली आहे, आणि चेहऱ्यावर आता दोन डोळे आणि मिशी एवढेच उरले आहे. फोटोची कड आधी जाते, उजळ रंग आधी जातो, आणि ते तर कडेलाच पांढऱ्या कपड्यांत उभे होते. शाळेच्या संग्रहात त्यांचा दुसरा फोटो नाही. मागच्या रांगेतल्या पांढऱ्या पोलक्यांतल्या मुलींचीही तीच गत होऊ लागली आहे.

याचे निगेटिव्ह मिळेल का, अशी चौकशी मी केली. ज्या स्टुडिओने तो काढला तो बंद होऊन बराच काळ लोटला. त्या काळात निगेटिव्ह काचेचे असे, आणि जुन्या काचा धुऊन तसबिरींना लावण्याची रीत अनेक ठिकाणी होती. तेव्हा तिकडून आशा नाही. भिंतीवरचा हा कागद हीच आता मूळ वस्तू आहे.

नंतरच्या फोटोंचे काय?

नंतरच्या बॅचना वाटेल की आमचे फोटो नवे आहेत, आम्हाला काळजी नाही. परिस्थिती उलटी आहे. साठ-सत्तरच्या दशकातले काळे-पांढरे फोटो बरे आहेत. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे उत्पादन १९६७ साली सुरू झाले, आणि त्यांचा 'इंदू' कागद नंतर सगळीकडे दिसू लागला. नीट धुतलेले ते फोटो आजही काळेभोर आहेत. खरी पडझड झाली आहे ती रंगीत फोटोंची. रंगीत फोटोत शेवटी चांदी राहतच नाही. ती धुऊन काढतात, आणि चित्र सेंद्रिय रंगद्रव्यांवर उभे असते. जुन्या रंगीत कागदांतला सायन, म्हणजे निळसर-हिरवा रंग आधी जाई, मग उरलेले चित्र लालसर दिसे. आपल्या शाळेतले ऐंशीच्या दशकातले स्नेहसंमेलनाचे फोटो पाहा. पडदा, गणवेश, झाडे, सगळे गुलाबी-तांबूस झाले आहे. आजोबांचा फोटो नातवाच्या फोटोपेक्षा ताजा दिसतो.

समितीने काय केले, आणि आपण काय करावे

बरीच चर्चा होऊन समितीने ठरवले की या स्मरणिकेत प्रत्येक फोटो जसा आहे तसाच छापायचा. जो तपकिरी आहे तो तपकिरी, जो काळा आहे तो काळा. १९६२ चा फोटोही त्याच्या डागांसकट छापला आहे. तरुण मंडळींनी ही गोष्ट मोकळेपणाने मान्य केली, इतकेच नव्हे तर सगळे फोटो रंगीत पद्धतीने, भरपूर बारकाईने स्कॅन करून त्यांच्या प्रती तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या. कोणाला हौस म्हणून सेपिया करायचेच असेल तर त्या प्रतीवर खुशाल करावे. मूळ स्कॅनला हात लावू नये.

घरच्या फोटोंसाठी चार गोष्टी सांगतो. फोटो लॅमिनेट करू नका. फाटलेल्या फोटोला चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक पुढे पिवळा पडतो. मागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नको. ओलीच्या भिंतीवर किंवा नुकत्याच तैलरंग दिलेल्या खोलीत फोटो टांगू नका. फ्रेमची काच थेट फोटोला चिकटू देऊ नका, पावसाळ्यात जिलेटिन काचेला धरते आणि मग सुटत नाही. आणि फोटोतल्या माणसांची नावे आजच विचारून घ्या. चांदीपेक्षा आपली आठवण लवकर फिकी पडते.

शेवटी एक विनंती. त्या काळी वर्गाच्या फोटोच्या प्रती विद्यार्थी विकत घेत. १९६२ च्या फोटोचीही एखादी प्रत कोणाच्या तरी घरी ट्रंकेच्या तळाशी, लग्नाच्या अल्बममागे किंवा माळ्यावर नक्की असेल. प्रत्येक प्रत वेगळी धुतलेली असते. शाळेची प्रत घाईत धुतली गेली म्हणून तुमचीही तशीच असेल असे नाही. कदाचित कोणी हौसेने दोन रुपये जास्त देऊन टोनिंगही करून घेतले असेल. त्या बॅचच्या मंडळींनी आणि त्यांच्या मुलानातवंडांनी जरा शोधाशोध करावी. प्रत मिळाली तर शाळेच्या कार्यालयात आणून दाखवावी. आम्ही तुमच्यासमोर स्कॅन करू आणि मूळ प्रत लगेच तुमच्या हाती परत देऊ. आणताना एकच पाहा, उजव्या टोकाला पांढऱ्या टोपीतला माणूस दिसतो का. दिसत असेल तर आधी फोन करा, मी स्वतः घ्यायला येईन.